पोपटी कानटोपी

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कालिंदीबाईंनी खुंटीवरची नवऱ्याची पोपटी कानटोपी चढवली आणि बूट शोधू लागल्या.

"आई, बाहेर उणे पंधरा आहे!" सून कळवळली.

"असू दे. ते कुठे फिरायचे, बघून तरी येते."

'घरात बसलं की थंडी हाडात मुरते,' असं म्हणत ते कॅनडातल्या सहाही हिवाळ्यांत रोज गोठलेल्या तळ्याला फेरी मारून यायचे. बाई मात्र कधीच सोबत गेल्या नव्हत्या.

तळ्याच्या वळणावर समोरून एक गोरा म्हातारा येत होता. पोपटी टोपी दिसताच त्याने लांबूनच काठी उंचावली. "मॉर्निंग, माय फ्रेंड!" जवळ आल्यावर टोपीखालचा चेहरा पाहून तो थबकला. बाईंनी नुसतं आकाशाकडे बोट दाखवलं.

म्हाताऱ्याने सावकाश आपली टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. त्याच्या विरळ पांढऱ्या केसांवर बर्फाची भुरभुर बसू लागली.

बाईंना ते पाहवेना. पुढे होऊन त्यांनी ती टोपी घेतली, त्याच्या दोन्ही कानांवर नीट ओढली, आणि रोज दारात नवऱ्याला म्हणायच्या तेच म्हणाल्या, "कान झाका हो. थंडी बाधेल."