घाबरवू नये

“आजीला पांढरा पट्टा लिही,” तपासनीस म्हणाले.

त्यांच्या मुलीची पेन्सिल फॉर्मवर थांबली. रविवारची सकाळ होती. चहा होऊन गेला होता आणि टेबलावर कपबशा बाजूला सारून थीम पार्कच्या हॅलोविन सहलीचा फॉर्म पसरला होता. पार्कवाल्यांना प्रत्येक पाहुण्याबद्दल आगाऊ कळवायचं होतं: ‘घाबरवावे’ किंवा ‘घाबरवू नये’. पहिल्यांना मनगटावर तांबडा पट्टा, दुसऱ्यांना पांढरा. पांढरा पट्टा दिसला की पार्कभर फिरणाऱ्या भुताने दोन पावलं मागे सरायचं, असा नियम होता. नियम पाळणारी जमात म्हणून हल्ली भुतांचंच नाव घ्यावं लागेल.

“आजीला पांढरा?” मुलगी म्हणाली. “बाबा, बोगदा तिनेच तर शोधून काढला.”

ते खरं होतं. माहितीपत्रकातल्या ‘भुतांचा बोगदा, एकूण भुते चाळीस’ या ओळीभोवती आजीने स्वतःच्या हाताने गोल काढला होता. गेले आठ दिवस ती नातीला विचारत होती, की चाळीस म्हणजे एकदम अंगावर येतात की एकेक करून.

“तिचं वय बघ,” तपासनीस म्हणाले. “आत अंधार. पायाखालचं दिसत नाही. उगाच धसका घेतला म्हणजे?”

“मग ती एकटी बाहेर काय करणार?”

“एकटी कशाला? पांढऱ्या पट्ट्यामागे एक सोबती द्यावा लागतो. सोबत्यालाही बोगद्यात जाता येत नाही. दोघांनी बागेतल्या रस्त्याने पलीकडच्या दाराशी यायचं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी थांबेन. माझं काय एवढं.”

सोबत्याचा हा नियम माहितीपत्रकाच्या पाठीमागे, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात छापला होता. घरात तो दुसऱ्या कुणी वाचलेला नव्हता. तपासनिसांचा जन्मच लिफ्टच्या कागदपत्रांमधली तळाची ओळ वाचण्यात गेला होता. त्यांनी सही नाकारली की चौदा मजल्यांची इमारत जिने चढायला लागे, आणि ते नुसते दारात उभे राहिले तरी भलेभले इमारतमालक खुर्ची पुढे करत. ही ओळ मात्र त्यांनी कचेरीत, दार लोटून, तीनदा वाचली होती. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना आईच्या वयाची आठवण झाली.

“बघ,” त्यांची बायको मुलीला म्हणाली, “याला म्हणतात मुलगा. सगळी मजा सोडून आईसाठी बाहेर थांबणार आहेत. तू थांबशील माझ्यासाठी?”

“तू घाबरतच नाहीस.”

“म्हणजे घाबरले असते तरी नसतीसच थांबली.”

तपासनिसांनी रिकामा कप तोंडाला लावला.

आजी पलीकडे आरामखुर्चीत बसून सहलीसाठी काढलेल्या बुटांत नवी लेस ओवत होती. ती थांबली आणि चष्म्यावरून मुलाकडे बघू लागली. बत्तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईचं बघणं होतं ते. अशा बायका पेशंट काय सांगतो ते ऐकून घेतात आणि बघतात मात्र भलतीकडेच.

“अरे, मी घाबरेन असं तुला कधीपासून वाटायला लागलं?”

“घाबरशील असं नाही, आई. घाबरलीस तर.”

“शवागारात किती माणसं एकटीने पोचवून आलेय मी. तिथलं कुणी माझ्या वाटेला गेलं नाही.”

“ते वेगळं. ते... ते हलत नाहीत ना, आई.”

‘हलत’वर आवाज चिरकला. बायकोने पुढ्यातली बिस्किटं डब्यात भरली, मुलीने पेन्सिल कानामागे खोचली. दोघींना काही कळलं नाही. आजीने बूट खाली ठेवला.

आता म्हणायचं होतं ते एवढंच: मलाच पांढरा लिही. तीन शब्द. तपासनिसांनी घसा खाकरला. तिघी त्यांच्याकडे बघू लागल्या.

“पेनाने लिही,” ते म्हणाले. “पेन्सिल चालत नाही त्यांना.”

मग आजी म्हणाली, “लिही गं. आजीला घाबरवू नये.”

“आजी, तू तर म्हणालीस आपण दोघी पुढे आणि हे दोघं मागे.”

“म्हणाले होते. आता धीर होत नाही.”

हे तिने इतकं सहज म्हटलं, की सून लगबगीने उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आली.

मुलीने नाइलाजाने पेन शोधलं, आजीच्या नावापुढे खूण केली आणि सोबत्याच्या रकान्यात बाबांचं नाव घातलं. मग माहितीपत्रक उलटं करून तिने सोबत्याच्या नियमाची शेवटची ओळ मोठ्याने वाचली. “सोबत्याने घाबरणाऱ्या व्यक्तीचा हात शेवटपर्यंत सोडू नये.”

“आण इकडे हात,” आजी म्हणाली. “सवय झालेली बरी.”

ती उठून मुलाशेजारच्या खुर्चीत येऊन बसली. त्याचं मनगट तिने हातात घेतलं, तीन बोटं अंगठ्याच्या मुळापाशी टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली. तिचे ओठ हलत होते.

“किती घाबरल्यात बघा,” सून हळूच म्हणाली. “देवाचं नाव घेताहेत.”

तपासनीस खाली मान घालून बसून राहिले. मिनिट पुरं होईपर्यंत आजीने मनगट सोडलं नाही. मग ती फक्त मुलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“एकशे अठरा. आणि अजून आपण घरातच आहोत.”