अठ्ठ्याण्णव

"आता आमच्या हातात काही नाही," असं आयसीयूचे डॉक्टर सकाळीच मला एकटीला सांगून गेले होते. आठ महिन्यांची गरोदर लेक ह्यांना बघायला आली, ती आधी मॉनिटरसमोरच उभी राहिली.

"आई, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव! काल सत्तरवर होता गं. बाबा कसले हट्टी आहेत बघ!"

"हट्टी तर आहेतच. बेचाळीस वर्षांत माझं एक ऐकलं असेल तर शपथ."

दोन दिवसांत पहिल्यांदाच पोरगी हसली. "मग मी आता चार घास खाऊन येते," म्हणत जावयाचा हात धरून बाहेर गेली.



दार लागल्यावर मी चादरीखाली माझ्या बोटाला लावलेली ऑक्सिजन मोजायची क्लिप काढली आणि पुन्हा ह्यांच्या बोटाला लावली.