चंदेरी पिशवी

वडील टेबलाशी बसले होते. समोर कॉम्प्युटरचं उघडं खोकं, त्यातून काढलेला बोर्ड रबरी चटईवर. डाव्या मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर चिमट्याने खोक्याच्या पत्र्याला लावलेली. अंगातली स्थिर वीज बोर्डात उतरली तर बोर्ड जागच्या जागी मरतो, कळतसुद्धा नाही. म्हणून हा पट्टा.

"बघ," भाऊ बहिणीला म्हणाला. ती नुकतीच आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. "सकाळी दहाला बसवलंय. दोन वाजले. जागचे हललेत का? मी दार नुसतं लोटून बाजार करून आलो."

"बाहेर नाही पडले?"

"हाताला पट्टा आहे ना. गेल्या आठवड्यात पोलिसांनी आणून सोडलं, तेही पायजम्यावर. मग डॉक्टरांना नाही सुचलं ते मला सुचलं. भंगारातून हा डबा उचलून आणला. गिऱ्हाइकाचा आहे म्हटलं, झालं."

तिला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी वडिलांचे हात थरथरत नव्हते. बोर्ड फक्त कडांना धरून ते ब्रशने एकेक खाच साफ करत होते. ती जवळ गेली.

"बाबा."

"अजून थोडा वेळ लागेल, मॅडम. तिकडे बसा. तुमच्या अंगात लोकरीचं आहे."

तिने स्वेटर काढून लांब ठेवला. परत आली तेव्हा तिला त्यांचे गुडघे दिसले. एकमेकांवर घट्ट दाबलेले. एक टाच जमिनीवर भराभर हलत होती.

"बाथरूमला जायचंय का, बाबा?"

"जायचंय. पण बोर्ड उघडा आहे."

तिने पट्ट्याला हात घातला. त्यांनी तिच्या हातावर फटका मारला. आयुष्यात पहिल्यांदा.

"आधी बोर्ड पिशवीत, मग पट्टा काढायचा. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकाचाही बोर्ड गेलेला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पिशवी सापडत नाहीये. इथंच असते."

तिने खण उपसले, टेबलाखाली वाकून पाहिलं.

"दादा, बोर्ड ठेवायची ती चंदेरी पिशवी कुठंय?"

"माझ्या कपाटात." भाऊ ताट वाढून घेत होता.

"तुझ्या कपाटात कशाला?"

"ती दिली की दहा मिनिटांत काम आटपतात. आणि उठतात." त्याने आमटी ओतली. "तू महिन्यातून एकदा येणार. चार दिवस घेऊन जा तुझ्याकडे, मग पिशवी दे नाहीतर पोतं दे."

तिने हात पुढे केला.

"कपाटाची किल्ली दे," ती म्हणाली.

"देतो गं. दोन घास तरी खाऊ देशील?"

खुर्चीखाली थेंब पडले, मग धार लागली. वडिलांनी खाली पाहिलं. घाईघाईने दोन्ही हातांनी बोर्ड उचलला, कडांना धरून, आधी छातीपर्यंत, मग डोक्याच्याही वर, वायर ताणली जाईल तितका.

"घाबरू नका, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या वस्तूवर एक थेंबही उडालेला नाही."