परवानगी नाही

"ए बये, गेमचा सर्व्हर चालू कर की! पेपर संपले, सगळा वर्ग खोळंबलाय," केतकी फोनवर ओरडली.

"नोकर आहे का मी तुमची?" म्हणत मी फोन कापला.

मी शाळा सोडली, तरी वर्गाचा गेम माझ्याच घरच्या कॉम्प्युटरवर चालतो. तो बंद पडला की त्यांना मी आठवते. तरी जाऊन बघितलं, तर स्क्रीनवर आलं होतं: परवानगी नाही. काल सर्व्हर अडकला म्हणून रागात मीच तो ॲडमिन होऊन चालू केला, तेव्हा सगळ्या फायली ॲडमिनच्या नावावर गेल्या आणि आज सर्व्हरला त्या उघडता येईनात. त्या परत सर्व्हरच्या नावावर केल्या. पण त्या भानगडीत, आत कुणाला घ्यायचं ती यादी कोरी झाली होती. बाई हजेरी घेतात त्या क्रमानं मी सगळी नावं न अडखळता टाइप केली.

गेम चालू झाला. सगळे आत जाऊन दंगा करायला लागले. मीही घुसायला गेले, तर माझाच सर्व्हर म्हणाला, "तुमचं नाव यादीत नाही." आतल्या गप्पा सर्व्हरच्या स्क्रीनवर दिसत होत्या; ही कुठंय, असं कुणी विचारलंही नव्हतं.

यादी पुन्हा उघडली. केतकीच्या खाली, हजेरीतल्या माझ्या जुन्या नंबरावर, माझं नाव लिहिलं आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "हजर."