कुसाबाई उठल्या

नाशिकच्या दवाखान्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून चांदवडच्या कुसाबाई पलंगावरून उठायचं नाव घेत नव्हत्या. डॉक्टर रागावले, लेक रडली, व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम हात जोडून गेल्या. कुसाबाईंचं एकच, "पाय माझे हायेत. मला नाय उठायचं."

त्या दुपारी ड्युटीला सृष्टी सिस्टर होती. तिला सातवा महिना. पेशंट उचलायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. पण वॉर्डातल्या मावशी जेवायला गेलेल्या, आणि असं पडून राहून आजींच्या पायात रक्ताची गुठळी झाली तर? सृष्टीनं एक हात स्वतःच्या पोटावर ठेवला, दुसरा आजींच्या काखेत घातला आणि घाबरतच वाकली.

"अगं ए बये!" कुसाबाई ओरडल्या. "असल्या दिवसांत ओझं उचलतीस? हो बाजूला!" आणि वॉकर ओढून थेट खिडकीपर्यंत चालत गेल्या. तिथून पुन्हा दटावलं, "खाली बस आधी. पाणी पी."

डॉक्टर दारातून पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, पलीकडचे पुंजाबाबाही उठत नाहीयेत. उचलायचं अजिबात नाही हं. नुसतं वाकल्यासारखं करायचं."