नवी डबी

धुक्यात धावणारे पांढरे शर्ट पाण्यावर तरंगल्यासारखे दिसत होते. मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी निधी जमवायला अख्खी वस्ती धावत होती. त्यांतल्या एका संशोधिकेच्या शर्टावरचं प्रयोगशाळेचं नाव वाचून एक बाई जवळ आल्या. “मॅडम, माझ्या लेकीच्या गाठीतल्या पेशी तुम्हाला दिल्या होत्या. आहेत अजून?” लेक जाऊन बरीच वर्षं झाली होती, पेशी प्रयोगशाळेच्या उबेत वाढतच होत्या. “आहेत. कालच नव्या डबीत हलवल्या. जुनी पुरेना.” “तिचेही फ्रॉक असेच तोकडे व्हायचे,” आई हसली. “हट्टी आहेत?” “फार. कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत.” संशोधिकेनं जीभ चावली. “असू द्या. त्या माझी लेक नव्हेत, कळतं मला. त्यांनीच तिला नेलं.” “उद्या नवं औषध घालणार आहे.” “घाला. आणि त्या मेल्या की मला पहिला फोन करा.”