भिंतीकडचं टेबल

इंदिरानगरच्या त्या इटालियन रेस्टॉरंटात मी दर शुक्रवारी संध्याकाळी एकटीच जाते. घोळक्यांना खिडकी देतात आणि एकट्या माणसाला भिंत. त्या भिंतीवर नेपल्समधल्या एका चौकाचं मोठं चित्र आहे. दिवेलागणीची वेळ, अकॉर्डियन वाजवणारा म्हातारा, हसत जेवणारी माणसं. पुण्याहून बंगळुरूला आल्यापासून मी सगळ्यात जास्त त्यांच्याच संगतीत जेवले आहे. चित्रात एकही खुर्ची रिकामी नाही, हे मला पाठ आहे.

"मॅडम, इवत्तू ओब्बरेना?" वेटर मंजुनाथनं विचारलं.

आजही एकट्याच का, एवढं कन्नड मला आता कळतं. मी मान हलवली, अंगातलं निळं जाकीट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि नेहमीचा पास्ता मागवला.

निघताना मी दर वेळी त्या चित्रातल्या माणसांना हळूच "येते हं" म्हणते. वेडेपणाच, पण घरची सवय. आज मात्र कंटाळलेल्या तोंडून भलतंच निघालं, "चला, जाते."

"अगं, जाते काय म्हणतेस?" अगदी कानाशी एका बाईचा आवाज आला. "येते म्हणावं."

मी गर्रकन वळले. मागच्या टेबलावरची पोरं इंग्रजीत खिदळत होती. मंजुनाथ पार दाराशी होता.

जाकीट घ्यायला हात नेला, तर खुर्चीवर ते नव्हतं.

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. अगदी पुढच्या टेबलापाशी एक रिकामी खुर्ची माझ्याकडे वळवून ठेवली होती, आणि तिच्या पाठीला माझं निळं जाकीट अडकवलेलं होतं.